सेकंदभर पुढचं बीजक

"बीजक नामंजूर. कारण: हे बीजक भविष्यकाळातलं आहे."

भिंतीवरच्या पडद्यावर ही अक्षरं तिसऱ्यांदा उमटली, तेव्हा विहानतात्या पेठकरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. अक्षरं तीच होती. फक्त खाली लाल रंगात एक ओळ वाढली होती: सलग तीन नामंजुऱ्या, बनावटीचा संशय, सही करणाऱ्याने चार दिवसांत सुनावणीस हजर राहावे.

सही करणारा म्हणजे तात्या. चंद्राच्या दक्षिण टोकाला, एका विवराच्या काठाखाली खोदून वसवलेली शशीपेठ ही नऊ हजार माणसांची वस्ती. तिथल्या उंब्रजकर आणि मंडळी या कारखान्यात तात्या अठ्ठेचाळीस वर्षं हिशेबनीस होते. कारखाना हवाबंद दारांचे वायसर करतो. दिसायला रबराचं साधं कडं, पण ते नसेल तर दार बंद होऊनही हवा बाहेर जाते आणि मागोमाग माणूसही. तेव्हा शशीपेठेत उंब्रजकरांचं नाव लोक जरा अदबीनंच घेतात.

आता एक तारखेपासून ई-बीजकाची सक्ती छोट्या कारखान्यांनाही लागू होणार होती. वस्तू हलवण्याआधी तिचं बीजक, म्हणजे बिल, पेठेतल्या सरकारी नोंदठाण्याकडे जायचं, तिथं त्याला क्रमांक मिळायचा आणि वेळमुद्रा उमटायची, तीही सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. एवढा काटेकोरपणा कशाला, असं तात्यांनीही आधी विचारलं होतं. पण खरेदी-विक्री आता यंत्रंच आपसांत करतात. एकच माल एका क्षणात दोघांना विकला गेला तर तो कुणाचा, हे ठरवायला आधी कोण आणि मागून कोण ते कळायला हवं. हे पटल्यावर मात्र तात्या हात धुऊन कामाला लागले. चार महिने खपून त्यांनी अकराशे प्रकारच्या वायसरांना सरकारी संकेतांक लावले, गिऱ्हाइकांचे पत्ते तपासले, जुनी नावं झाडून काढली. सरावाची शंभर बीजकं बिनचूक गेली की झालं, एवढंच उरलं होतं. आणि पहिली तीनच अशी तोंडावर आपटली!

कारखान्याच्या मालकीणबाई ऋतुजाताई उंब्रजकर खाली आल्या. वडिलांच्या मागे बारा वर्षं त्यांनी कारखाना नेटानं चालवला होता आणि तात्यांना त्या काकांच्या ठिकाणी मानत. त्यांनी नोटीस वाचली, दार लोटून घेतलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "तात्या, घाईगडबडीत तुम्ही बिलं आधी करून ठेवता का? पुढची वेळ घालून?"

तात्यांना कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. संशय सरकारनं घेतला त्याचं काही नाही, सरकार कुणाला ओळखत नाही. पण ताईंनी विचारावं? ते "नाही" एवढंच बोलले आणि उगाच टेबलावरचे कागद सारखे करत बसले. सुनावणी विरोधात गेली तर बीजकावर उमटवायची त्यांची सहीमुद्रा कायमची रद्द होणार होती, नाव चौकातल्या फलकावर लागणार होतं आणि कारखान्याची विक्री बंद पडणार होती. त्र्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यात एका पैशाची अफरातफर न करता, चौकात नाव! रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कचेरीतलं घड्याळ काखेत मारून कालमापन केंद्रात गेले. बीजकावर पाठवल्याची वेळ घालायची ती याच घड्याळानं, म्हणजे खोट असली तर इथंच असणार. घड्याळ म्हणजे अणुघड्याळ. अणूंच्या कंपनांवर चालणारं, डब्याएवढं. कारखाना सुरू केला त्या पाडव्याला संस्थापक स्वप्नीलशेठ उंब्रजकरांनी ते मुहूर्तावर लावलं होतं. त्यानंतर दर पाडव्याला वह्यांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. हळदकुंकू लागायचं, पण आतल्या कळांना बोट लावायचं नाही, असा शेठजींचा दंडक होता. इतर कारखाने रोज पृथ्वीवरून येणाऱ्या संकेतावर आपली घड्याळं जुळवून घेत. उंब्रजकरांच्यात मुहूर्ताची वेळ मोडणार कोण?

केंद्राच्या प्रमुख डॉ. शाल्मली ढमढेरे चाळिशीच्या, चटपटीत बाई. कुंकवाचं बोट उमटलेलं ते यंत्र पाहून त्यांना हसू आलं, पण तात्यांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. घड्याळ तपासणीच्या बाकावर ठेवून त्यांनी तासभर त्याची चाल आपल्या घड्याळांशी ताडून पाहिली. मग कपाळाला आठ्या घालून पुन्हा तासभर.

"तात्या, तुमचं घड्याळ पृथ्वीच्या वेळेपेक्षा एक सेकंद पुढं आहे," त्या म्हणाल्या.

तात्यांनी मान खाली घातली. "म्हणजे बिघडलंय."

"तेच तर गमतीचं आहे. बिघडलेलं नाही. चाल इतकी अचूक आहे की मला हेवा वाटतोय. हे शेवटचं कधी जुळवलं होतं?"

कधीच नाही, असं तात्यांनी सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एकदा लावलं ते लावलं. डॉक्टरबाईंनी स्टूल पुढं ओढलं आणि शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगायला घेतलं. गुरुत्वाकर्षण जिथं जास्त, तिथं काळ हळू चालतो. पृथ्वीची ओढ मोठी, चंद्राची कमी. चंद्राच्या फिरण्यामुळे उलट दिशेनं पडणारा थोडा फरक वजा केला, तरी इथलं घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सेकंदाचे सत्तावन्न दशलक्षांश पुढं जातं.

"एवढ्यानं काय होतंय?" तात्या म्हणाले.

"दिवसाला काहीच नाही. वर्षाला सेकंदाचे एकवीस सहस्रांश. आता त्याला अठ्ठेचाळीसनं गुणा."

गुणाकार हे तात्यांचं घरचं काम. तोंडीच केला. एक सेकंदाला किंचित वर.

"म्हणजे घड्याळ पुढं पळालं नाही?"

"नाही. तुम्ही इथं खरोखरच तेवढा काळ जास्त काढलात. घड्याळानं फक्त तो इमानानं मोजला."

मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचंही उत्तर बाईंकडे होतं. आतापर्यंत उंब्रजकरांची बिलं नोंदीसाठी थेट पृथ्वीवर जायची. तिथं पोचायला संदेशाला सव्वा सेकंद लागतो. त्यामुळे घड्याळ सेकंदभर पुढं असलं तरी बिल तिथं थोडं उशिराच पोचल्यासारखं दिसायचं. प्रवासात ते झाकून गेलं. आता नोंदठाणं दोन गल्ल्या सोडून शेजारी आलं, प्रवास संपला आणि झाकण उडालं. आणखी बारा वर्षांनी पृथ्वीवरही ते उघडं पडलंच असतं.

तात्यांच्या छातीवरचा दगड उतरला. ते तिथंच, परक्या प्रयोगशाळेत, डोळे पुसत बसले आणि बाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

चौथ्या दिवशी सुनावणी झाली. नोंदठाण्याचे मुख्य तपासनीस इंद्रजित राऊळ हा माणूस कडक, पण आडमुठा नव्हे. ऋतुजाताई, डॉक्टरबाई आणि तात्या समोर बसले होते. बाईंचा अहवाल राऊळांनी दोनदा वाचला, मान डोलावली आणि तोडगाही लगेच काढला. फसवणुकीचा हेतू दिसत नाही, तेव्हा घड्याळ एक सेकंद मागं घ्या, आमच्यासारखं रोज पृथ्वीशी जुळवत जा आणि निघा.

ऋतुजाताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसरा कुणी असता तर आभार मानून उठला असता. पण तात्या हाडाचे हिशेबनीस. जुळलेल्या बेरजेतसुद्धा हातचा कुठून आला ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"साहेब, तुमचं घड्याळही चंद्रावरच आहे ना? मग तेही रोज पुढं जात असणार."

जातं की, राऊळ म्हणाले. म्हणूनच रोज सकाळी सहाच्या ठोक्याला ते सत्तावन्न दशलक्षांश मागं ओढलं जातं. आपोआप.

"मागं ओढलं की तेवढे क्षण पुन्हा येतात. सहाच्या आधीचा क्षण एकदा होऊन गेलेला, तो परत होतो. मग ओढण्याच्या जरा आधी एक बीजक आलं आणि जरा नंतर दुसरं आलं, तर दुसऱ्याचा क्रमांक पुढचा पडेल, पण वेळ?"

"आधीची," डॉक्टरबाई एकदम म्हणाल्या आणि सरसावून बसल्या.

राऊळांचा चेहरा उतरत गेला. क्रमांक पुढचा आणि वेळ आधीची, असं दिसलं की यंत्रणा त्या व्यापाऱ्यावर वेळेत खाडाखोड केल्याचा ठपका ठेवते. मोठ्या आणि आपणहून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी नोंदठाणं दीड वर्षापूर्वीच सुरू झालं होतं आणि तेवढ्या काळात असे ठपके बसले होते दोनशे अकरा. त्यांच्यातली सगळ्यांत विचित्र गोष्ट राऊळांना तोंडपाठ होती, कारण तिच्यापायी ते स्वतः वर्षभर राबले होते. दोनशे अकराच्या दोनशे अकरा गुन्हे सकाळी सहा वाजता घडले होते. रोजच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांची बीजकं पेठेतली यंत्रं नेमकी सहाला सोडतात, हे माहीत असूनही खात्यानं निष्कर्ष काढला होता की ही संघटित टोळी आहे. कागदोपत्री तिला नावही होतं, सहाची टोळी. तिचा म्होरक्या शोधायला दोन माणसं पृथ्वीवरून आली होती.

"म्होरक्या तर आमच्याच भिंतीवर टांगलाय," राऊळ शेवटी म्हणाले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

ऋतुजाताईंना आधी हसू फुटलं, मग डॉक्टरबाईंना. राऊळांनाही आवरेना. वर्षभर ज्या चोरांमागं धावलो ते नव्हतेच, या जाणिवेनं तो कडक माणूस एकदम सैल झाला होता.

उपाय आता उलटा झाला. उंब्रजकरांचं घड्याळ मागं घेण्याचा प्रश्नच मिटला. चंद्राला स्वतःची वेळ हवी, कधीही मागं न ओढली जाणारी, आणि पृथ्वीशी पडलेला फरक तेवढा शेजारी लिहून ठेवायचा, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. तशी वेळ पहिल्यापासून एकही क्षण दोनदा न मोजता राखणारं घड्याळ अख्ख्या चंद्रावर एकच होतं. नोंदठाण्यानं संध्याकाळच्या आत हुकूम काढला. शशीपेठेची प्रमाणवेळ यापुढं उंब्रजकरांच्या घड्याळावरून.

बाहेर पडताना ऋतुजाताई थांबल्या. "तात्या, मी तुम्हाला विचारायला नको होतं."

"तुम्ही विचारलंत तरी," तात्या म्हणाले. "मी तेवढंही केलं नाही."

ताईंना त्याचा अर्थ लागेना. तात्यांच्या हातात दोनशे अकरा नावांची यादी होती. ज्यांच्याशी कारखान्याचा व्यवहार होता त्यांना स्वतः कळवतो म्हणून त्यांनी ती राऊळांकडून मागून घेतली होती. चौऱ्याऐंशीवं नाव शर्वरी भोईटे. सात वर्षं ती उंब्रजकरांना वायसर भरायची खोकी पुरवत होती. अकरा महिन्यांपूर्वी तिचं नाव चौकात लागलं, त्याच दुपारी तात्यांनी तिला पुरवठादारांच्या यादीतून खोडलं होतं. ना निरोप, ना चौकशी. रस्त्यात दिसली की ते पलीकडच्या बाजूनं जायचे. चोर म्हटल्यावर चोर, त्यात विचारायचं काय, असं त्यांना तेव्हा अगदी सरळ वाटलं होतं. आता चार दिवस स्वतः त्या जागी उभं राहिल्यावर अकरा महिने केवढे असतात ते त्यांना कळलं होतं.

शर्वरी आता खानावळीत भाकऱ्या थापत होती. तात्या दारात दिसताच तिनं मान फिरवली. तात्यांनी तिथंच, चार गिऱ्हाइकांदेखत, सगळं सांगितलं. नोंदठाण्याचं घड्याळ, मागं ओढलेले क्षण, नसलेली टोळी. आवाज मुद्दामच चढा ठेवला होता. तिचं नाव चौकात लागलं होतं, तेव्हा ते निघायचं तेही चारचौघांतच, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं.

पिठाचे हात तसेच धरून शर्वरी ऐकत राहिली.

"म्हणजे माझी वेळ बरोबर होती," ती म्हणाली.

"बरोबर होती."

"मी हे सगळ्यांना सांगत होते, तात्या. पहिली तुमच्याकडे आले होते. तुम्ही आत असून नाही म्हणून सांगितलंत."

"हो," तात्या म्हणाले. "चुकलं माझं. फार चुकलं."

ती रडली नाही. तव्यावरची भाकरी करपत होती ती तिनं उलटली, मग खाली ठेवली, हात धुतले आणि पदरानं पुसता पुसता मात्र तिचे खांदे हलू लागले. खानावळवाल्यानं चूल बंद केली. गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारा उठला आणि त्यानं तिला बसायला आपली खुर्ची दिली.

बऱ्याच वेळानं तिनं नाक ओढत विचारलं, "खोकी कोण देतं हल्ली तुम्हाला?"

"आहे एक जण. त्याची कोपऱ्यात फाटतात."

"फाटणारच. तो कडेला एकच घडी घालतो," ती म्हणाली. तिची सहीमुद्रा त्या दुपारीच परत चालू झाली होती. तिनं ती खानावळीच्या पडद्यावर उघडली, उंब्रजकर आणि मंडळी, दोनशे खोकी, दुहेरी घडीची, असं भरलं आणि बीजक सोडलं.

पडदा हिरवा झाला. मंजूर.