रेघांची अळंबी

“शिळी म्हणे! पहाटे रानातून आणलेली अळंबी शिळी?” मावशीने टोपली ओट्यावर आदळली आणि पाठ फिरवली. ती रडते आहे हे भिंगरीला लगेच कळलं.

भिंगरी आणि तिची ताई सुट्टीसाठी मावशीकडे आल्या होत्या. एका जागी टिकत नाही म्हणून ती भिंगरी. आणि मावशीचा मुलगा दहाव्या वर्षीच हात मागे बांधून म्हाताऱ्यासारखा बोलायचा, म्हणून तो तात्या. मावशी रानातून अळंबी निवडून आणायची आणि चौकातल्या हॉटेलात द्यायची. या आठवड्यात मात्र तिथल्या आचाऱ्याने टोपल्या परत पाठवायचा सपाटाच लावला होता.

“उद्या शेवटची टोपली, तीही शब्द दिलाय म्हणून,” मावशी म्हणाली. “पुढे मी रानात पाऊल टाकणार नाही. माझ्या अळंबीला कुणी नावं ठेवलेली मला सोसत नाही.”

भिंगरीने एक अळंबी उचलली. तिच्या टोपीवर तपकिरी रेघा होत्या.

“ताई, शिळी अळंबी सगळीकडून काळवंडते. ही रेघारेघांनी कशी काळवंडली?”

“उंदीर,” तात्याने निकाल दिला.

“उंदीर काय फूटपट्टी घेऊन येतो? रेघा बघ कशा सरळ आहेत. कुणीतरी घासलंय हिला.”

मावशी तर अळंबी कधी घासत नसे. दाढीच्या जुन्या, मऊ ब्रशने ती फक्त माती झटकायची. मग घरातले सगळे ब्रश ओट्यावर गोळा झाले: कपड्यांचा, बाटल्या धुण्याचा, रंगकामाचा. तात्याने बुटाचाही आणला, तो ताईने आल्या पावली परत पाठवला. घरात उरलेल्या चांगल्या अळंब्यांवर एकेक ब्रश फिरला, पण साधा ओरखडाही दिसेना. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं.

जेवण झाल्यावर ती पसारा आवरायला गेली आणि तिथूनच ओरडली, “ताई! तात्या! इकडे या!”

कपड्यांच्या ब्रशने घासलेल्या अळंबीवर तपकिरी रेघा उमटल्या होत्या. बाटल्यांच्या ब्रशनेही तोच प्रताप केला होता. रंगाच्या मऊ ब्रशची अळंबी मात्र होती तशी पांढरीशुभ्र होती.

“म्हणजे ओरखडा लगेच दिसत नाही, मागाहून दिसतो,” भिंगरी म्हणाली. “आचारीकाका सकाळी घासतात, दुपारी बघतात आणि खापर मावशीच्या माथी फोडतात.”

“त्यांना हे सांगायला गेलो, तर कान धरून बाहेर काढतील,” ताई म्हणाली.

“सांगायचं कशाला?” तात्याने हात मागे बांधले. “त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टोपली घेऊन हॉटेलात गेली. मालकीणबाई गल्ल्यावर बसल्या होत्या.

“आज माल आधी तपासून घ्या,” तात्या गंभीरपणे म्हणाला. “मागाहून कटकट नको.”

मालकीणबाईंनी आचाऱ्याला हाक मारली. झुपकेदार मिशांचा तो गृहस्थ अळंब्या उलटसुलट करून बघू लागला. “आज ताजी दिसतेय,” तो नाइलाजाने म्हणाला.

“नक्की ना, काका?”

“मला शिकवतोस? म्हटलं ना ताजी आहे!”

“मग थोडी आम्ही साफ करू?” भिंगरीने साळसूदपणे विचारलं. मालकीणबाईंनी हसून मान डोलावली.

मुलांनी मावशीच्या ब्रशने हलकेच माती झटकली. शेजारी आचारीकाका राठ केसांच्या ब्रशने खसाखसा घासत होते. “जुना झिजला म्हणून गेल्या आठवड्यात हा आणला,” ते कौतुकाने म्हणाले. “बटाटे कसे लखलखीत निघतात याने!” ताईने भिंगरीला कोपराने ढोसलं.

दोन्ही थाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. भिंगरी त्यांच्यासमोर चक्क एका जागी बसून राहिली.

दुपारी मावशी मुलांना न्यायला आली, तेव्हा मालकीणबाई त्या थाळ्यांपाशीच उभ्या होत्या. एक थाळी पांढरी, दुसरी रेघारेघांची.

“एकाच टोपलीतली ना ही?” त्यांनी आचाऱ्याला विचारलं. “आणि ताजी, असं तुम्हीच म्हणालात.”

आचाऱ्याने थाळ्या पाहिल्या, मग हातातला ब्रश पाहिला. थोड्या वेळाने तो मावशीसमोर येऊन उभा राहिला. “बाई, तुमची अळंबी चांगलीच होती. मीच ती नासवत होतो आणि वर तुम्हाला बोल लावत होतो. माफ करा.”

मावशीने मान हलवली.

“आणि नवा ब्रश या पोरांनीच निवडून द्यावा,” मालकीणबाई म्हणाल्या. “मोठ्यांना जमलं नाही ते यांनी करून दाखवलं.”

सगळी वरात भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने ब्रशांचा ढीग मांडला.

“काका, डोळे मिटा आणि ब्रश पापणीवरून फिरवा,” भिंगरीने आचाऱ्याला हुकूम सोडला. “टोचला तर परत.”

एवढा मोठा माणूस भर दुकानात डोळे मिटून पापण्या झाडू लागला. गिऱ्हाइकं खरेदी सोडून बघत राहिली. दोनतीन ब्रशांना तोंड वाकडं करून झाल्यावर एकदम त्याच्या मिशा हलल्या. “गुदगुल्या होतायत!”

“हाच घ्या!” तिघं एका सुरात म्हणाली. मावशी पोट धरून हसली.

घरी परतताना ती तिघांमध्ये चालत होती. “आजवर रानातल्या माझ्या जागा मी कुणालाही दाखवल्या नाहीत,” ती म्हणाली. “उद्या पहाटे उठा. तुम्हाला दाखवते.”