कॉर्डेलचे चाळीस गुण

खासगी गुप्तहेर आर्डिथ कोल्बच्या ऑफिसात नोरा लिंडक्विस्टने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "शुक्रवारी माझी नोकरी जाणार. कुणीतरी माझे आकडे बदललेत."

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात कोण आलं, कोण सोडून गेलं, यावरून संघाची ताकद किती वाढेल-घटेल याचं गणित ती मांडायची. गणिताने नऊ विजय सांगितले होते. संघ जेमतेम तीन सामने जिंकला.

आर्डिथची गाडी चालवणाऱ्या मर्लला आकड्यांचं वावडं होतं.

"गणित कुठे फसलं?" आर्डिथने विचारलं.

"कॉर्डेल ओक्स. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला डावीकडून कुणी पाडू नये, हे त्याचं काम. मागच्या हंगामात, नोव्हेंबरात, त्याच्या खेळाचे गुण नव्वदवरून चाळीसवर आले. गणित म्हणालं, गेला तरी चालेल. संघाने सोडलं त्याला. पुढे दुसऱ्या कुठल्या कॉलेजने घेतलं नाही. आता गोदामात माल उचलतो."

"नोंद नंतर बदललेली दिसते?"

"नाही. तेच तर कळत नाही."

मुख्य कोच बॉयर वैतागलेलाच होता. "मी कशाला बदलू? माझीच खुर्ची डगमगतेय. गुण सगळ्या कॉलेजांना दिसतात. नोव्हेंबरात मोठ्या कॉलेजांची बडी मंडळी त्याला हेरायला आली, पोरगं बिचकलं असेल. तरी त्या महिन्यात क्वार्टरबॅक डावीकडून एकदाही पडला नाही. नशीब आमचं."

होलिस टॅकेट हा निवृत्त कोच. सामन्यांचे व्हिडिओ बघून गुण तोच लिहायचा. त्याच्या दाराशी खुंटीवर एक भलंमोठं जॅकेट होतं.

"कॉर्डेलचं," तो म्हणाला. "रविवारी जेवायला यायचा."

मर्लचा संशय बॉयरवर होता. आर्डिथने मान हलवली.

"आकडे बदललेच नाहीत, मर्ल. ते मुळातच खोटे लिहिले. क्वार्टरबॅक पडत नव्हता, म्हणजे पोरगा नीट खेळत होता. बडी मंडळी आली आणि गुण घसरले. होलिस, तुम्हाला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं."

म्हातारा खुर्चीत बसला.

"परके कागद बघून माघारी जातील, एवढंच मनात होतं. आपल्या लोकांनी तर त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. घरची माणसं कागद कशाला बघतील?"

चूक गणिताची नव्हती, म्हणजे सोबत आलेल्या नोराची नोकरी वाचली होती, पण तिला रडू येत होतं. तिने कॉर्डेलला फोन लावला आणि कोच बोलतायत असं सांगून होलिसच्या हातात दिला.

"कोच?" पलीकडून आनंदी आवाज आला. "जॅकेटसाठी फोन केलात? राहू द्या हो तिथेच. आणि मला माफ करा. नोव्हेंबरात मी कच खाल्ली. तुमचं नाव घालवलं."

मर्लने खुंटीवरचं जॅकेट काढून होलिसच्या मांडीवर ठेवलं.