घड्याळबाईंचा अंदाज

ध्वनिनाटिकेच्या नायकाचा घसा नेमका रेकॉर्डिंगच्या दिवशी बसला. मग रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांनी शेजारच्या खोलीत हवामान वाचणाऱ्यालाच धरून आणलं. तो दारातच दिग्दर्शिकेला धडकला आणि तिच्या हातातली पानं भुईवर विखुरली.

"सॉरी… वादळाची सूचना आधी द्यायला हवी होती," तो पानं गोळा करत म्हणाला.

ती हसली नाही. म्हणजे, दिसेल असं हसली नाही. दिग्दर्शनात तिचा कान पक्का होता. कुठलं वाक्य किती लांबलं हे नुसत्या कानाने सांगायची. म्हणून सगळे तिला घड्याळबाई म्हणत, आणि तिला त्याचा भारी तोरा होता.

"कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस?" हे वाक्य त्याने झटक्यात दिलं. मग शेवटचं आलं. काचेपलीकडून तिच्याकडे बघत तो म्हणाला, "इतक्यात नको ना जाऊस…"

"फार ओढताय. परत."

त्याने परत म्हटलं. मग आणखी एकदा. दर वेळी ते वाक्य संपता संपेना.

"अहो, हे तुमचं काम नव्हे! हवामानच वाचा तुम्ही!" ती सगळ्यांदेखत कडाडली.

त्याने हेडफोन हळूच टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला.

काकांनी तिला स्क्रीनजवळ बोलावलं. किल्लीचं आणि शेवटचं, अशा दोन्ही वाक्यांच्या आवाजाच्या रेषा एकाखाली एक मांडलेल्या होत्या. "बघ, लांबीला सारखीच आहेत. उलट किल्लीचंच जरा लांब. पोराने काही ओढलं नाही, तुलाच तसं वाटलं."

"मला… का वाटेल?"

"किल्लीने तुझ्या काळजात कुठे धडधडलं होतं?"

तिचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. धडधड आपली, आणि बोल लावला त्या बिचाऱ्याला!

तिने त्याला जिन्यात गाठलं. "थांबा… चूक माझी होती. लाज वाटते मला."

"ओरडलात चारचौघांत," तो शांतपणे म्हणाला, "आणि माफी जिन्यात?"

खरंच होतं ते. ती मुकाट्याने वर आली, त्याला सोबत घेऊन. सगळ्यांना ऐकू जाईल असा माईक सुरू केला. "यांचं वाक्य बरोबर होतं. ते ऐकताना… माझंच घड्याळ बंद पडलं. राग यांच्यावर काढला. चुकले मी."

कुणीतरी खुसखुसलं. तिने मान खाली घातली. पण माईक बंद केला नाही.

तो काचेपलीकडे जाऊन उभा राहिला. कागदाकडे न बघता म्हणाला, "इतक्यात नको ना जाऊस…"

मग जरा थांबून, "लांबलं का हो?"

"माहीत नाही," घड्याळबाई म्हणाल्या. "…परत म्हणा."