पत्रांच्या फटीतलं उलथनं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आमच्याच दारात वाकलेलं. उजव्या हाताची बोटं दारातल्या, पत्रं आत टाकायच्या फटीत, आणि आतून आमच्या कुत्र्याचं, स्किपरचं गुरगुरणं.

"हात ओढू नका," मी फाटकातूनच म्हटलं. "ओढलात की तो आणखी घट्ट धरतो."

"हे... दारावर लिहून ठेवायला हवं होतं," तो दात आवळून म्हणाला.

माझ्या हातात लाकडी उलथनं होतं. ते मी फटीतून आत सरकवलं. स्किपरनं बोट सोडलं आणि लाकूड धरलं.

"कुत्रा तुमचाच?"

"आमचाच."

"आणि खिडकीतला तो एवढा मोठा 'बाहेर पडा'चा फलक?"

"तोही आमचाच. दिसला नाही?"

"दिसला ना. पण आम्हाला सांगितलंय, एकही घर सोडायचं नाही."

जून महिना होता. ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर तेवीस तारखेला सगळा देश मत देणार होता, आणि कॉर्नवॉलच्या आमच्या चिमुकल्या बंदरात दुसरं बोलणंच नव्हतं. डॅडची मासेमारीची बोट. संघानं ठरवून दिलेल्या वाट्यापेक्षा जास्त मासे जाळ्यात आले की मेलेले मासे परत समुद्रात फेकायचे, हे बघत मी मोठी झाले. म्हणून मी 'बाहेर पडा'ची पत्रकं वाटत होते. तो, रूअन, टेकडीवरच्या फुलशेतीवाल्यांचा. त्यांची डॅफोडिल्स खुडायला दर हिवाळ्यात रुमानियातून, संघामुळे विनाअडथळा, माणसं यायची. त्याची पत्रकं 'राहा'ची.

"हे ठेवा," मी उलथनं त्याच्यापुढे धरलं. एका बाजूनं करपलेलं, आईच्या वेळचं. "पत्रक यावर ठेवून आत ढकलायचं. बोटं वाचतात."

"शत्रूला हत्यार देताय?"

"हरल्यावर टाळ्या वाजवायला बोटं लागतील ना."

तो हसला. गालावर पावसाचे थेंब, डोळे राखाडी, आणि ते डोळे जरा जास्तच वेळ माझ्यावर... बस्स. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

मग रोजच गाठ पडू लागली. गल्ल्या त्याच, दारं तीच. तो डावीकडची घरं घेई, मी उजवीकडची, आणि गल्लीच्या टोकाला तो उलथनं कपाळाला लावून मला सलाम ठोके. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. गावच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, झालेल्या सभेत मात्र आम्ही समोरासमोर उभे राहून कडाकडा भांडलो. "फुलं खुडायला इथली माणसं का नाही ठेवत?" असं मी विचारलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले. "तू येतेस? पहाटे सहाला, जानेवारीत?" त्यानं विचारलं. सगळं सभागृह हसलं. मला राग आला, आणि रागावलेली असतानाच वाटलं, जावं.

मतदानाच्या आदल्या दिवशी धक्क्याच्या भिंतीवर बसलो होतो. भुरभुर पाऊस, आणि माझे पाय उगाचच हलत होते.

"टॅमझिन, एक सांगू? तुझं मत माझं मत खाऊन टाकणार, माझं तुझं," तो म्हणाला. "मग द्यायचंच कशाला?"

"म्हणजे?"

"दोघांनीही द्यायचं नाही. देशात कोणीही जिंको... आपल्या दोघांत कोणी हरायला नको."

"डॅडला कळलं तर मला घरात घेणार नाहीत."

"माझी आई मला शेतात पुरेल. शब्द?"

मी त्याच्या ओल्या हातात हात दिला. "शब्द."

दुसऱ्या दिवशी मतदान चॅपलमध्येच होतं; त्याच्या दाराबाहेर दोन खुर्च्यांवर आम्ही शेजारी-शेजारी बसलो होतो, छातीला आपापल्या बाजूचे बिल्ले लावून. येणाऱ्या मतदाराला त्याच्या कार्डावरचा नंबर विचारून लिहून घ्यायचा, हे आमचं काम. थर्मास एकच होता. चार वाजता डॅड आले, बोटीवरून थेट, अंगाला मासळीचा वास.

"टॅम, मत दिलंस?"

"अजून... नाही."

"मग चल. माझ्याबरोबर." त्यांनी माझा दंड धरला. इतकी वर्षं वाट पाहिलेला दिवस होता त्यांचा. मला नाही म्हणवेना. मी रूअनकडे पाहिलं. तो वहीत बघत होता.

बाहेर आले तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. पाच मिनिटांनी तोही मत देऊन आतून बाहेर आला.

"नंबर?" मी विचारलं.

"चारशे बारा. लिहून घ्या."

'घ्या'. तो एक शब्द मला कुत्र्यासारखा चावला.

"रूअन, मी मतपत्रिका कोरीच टाकली. आत पेन्सिल उचललीसुद्धा नाही."

"सिद्ध कर."

"नाही करता येत. कोणालाच नाही येत. तू नुसता विश्वास ठेवायचास."

गेले दोन महिने दोन्ही बाजूंनी एवढं खोटं-खरं ऐकलं होतं आम्ही, की विश्वास ठेव म्हणताना मलाच लाज वाटली. त्यानं खुर्ची मिटली आणि निघून गेला.

सकाळी आमची बाजू जिंकली. डॅड चहाचा कप हातात धरून रडले. मी त्यांना मिठी मारली, आणि तेवढं सोडलं तर दिवसभर एका जागी बसू शकले नाही. खिडकीपाशी जायचं, परत यायचं. फोन उलटा ठेवायचा, सुलटा करायचा. त्याच्यावर चिडायचं, आणि लगेच रस्त्यावर पावलं वाजली का ते ऐकायचं.

चारच्या सुमारास स्किपर भुंकला. पत्रांची फट उघडली आणि आत आलं... करपलेलं उलथनं. त्यावर 'राहा'चं पत्रक, पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं :

'तू कोरीच टाकलीस. मी विश्वास ठेवतो. शब्द मी मोडला, रागाच्या भरात. तुझ्यावर प्रेम आहे, म्हणून एवढा राग आला. कुत्र्याला सोडलंस तरी चालेल.'

मी पत्रक घेतलं आणि उलथन्याचं टोक धरलं. त्यानं ओढून पाहिलं. मी सोडलं नाही.

"कोण आहे गं?" डॅडनी आतून विचारलं.

"फुलशेतीवाल्यांचा रूअन."

"तो 'राहा'वाला? हरलेला?"

"हो, डॅड. आणि काल मत मी कोणालाच दिलं नव्हतं. त्याच्यासाठी."

डॅड उठून दारापाशी आले. माझ्याकडे बघितलं, उलथन्याकडे बघितलं. मग खाली वाकून त्यांनी स्किपरचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मग दार उघड की," ते म्हणाले. "तुझ्या आईचं उलथनं मोडाल दोघं."