व्यंकटीच्या पायथ्याशी

त्या दिवशी मी कडूबाईकडं गेले ती विरजण मागायला. खरं तर विरजण घरात होतं. पण ती माझी शेजारीण, आणि तिच्या लग्नाला आलेल्या पोराला, व्यंकटीला, आई आलेली, म्हणजे कांजण्या. खपल्या पडून गेल्या तरी दारावरचा लिंबाचा डहाळा काही निघंना. मला राहवेना.

आत अंधूक होतं. ऊद कोंदलेला, त्यात लिंबाचा कडवट वास. व्यंकटी बाजेवर उताणा, अंगावर एक फोड नाही. आणि कडूबाई, त्याला जन्म देणारी बाई, त्याच्याच पावलांवर डोकं ठेवून म्हणत होती, "माय, चुकलंमाकलं पोटात घाल. जा आता."

"कडूबाई, अगं पोरगं हाय ते तुझं!"

"हळू बोल, चांगुणे. आई अजून बसलीय त्याच्यात. पायाला मुंग्या आल्या, आता पाय उचलंनात. मंगळवारी निरोप देताव, मग उठंल."

"आन् तवर?"

"तवर सुई न्हाई, औषध न्हाई."

काय बोलावं या बाईला! ती आडावर गेली तशी मी बाजेवर टेकले.

"मावशी..." व्यंकटी कसाबसा बोलला. "गुडघ्यावर कोण बसलंय?"

"कोणी न्हाई रे."

"सकाळी पावलांवर होतं... वर सरकायलंय."

त्याचा हात उचलला, तर ओल्या फडक्यासारखा खाली पडला. बाहेर गिरणीची पुकपुक चालली होती, तीही थांबली. घरात नुसता त्याचा श्वास. आखूड, वरवरचा.

"आता छातीवर... श्वासाला जागा ठेवंना, मावशी..."

माझं टाळकंच फिरलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटीचा भरवसा नव्हता. गावातल्या भुजंगाच्या टेम्पोत कापूस भरलेला, तो खाली टाकायला लावला. कडूबाई घागर टाकून दारात आडवी झाली.

"आईला घराबाहेर काढायचं न्हाई!"

"मग आईलाबी बसव टेम्पोत! पोरगं मरायलंय!"

परभणीला डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला असता. कांजण्या गेल्या, पण आता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय. लाखात एखाद्याला होतं. चढलं तसं उतरेल. पाय सगळ्यात शेवटी."

रबरी फुगा दाबून दाबून त्याला श्वास पुरवला. छाती सुटली, हात सुटले, गुडघे सुटले. घरी आणला. पावलं मात्र ढिम्म. कडूबाई म्हणायची आई, मी म्हणायची नसा. रोज तेच भांडण, रोज तेच तेल चोळणं. जीव विटला माझा.

एका दुपारी तेलाची वाटी घेऊन त्याच्या पायथ्याशी बसले. त्याच्या पावलांवरची गोधडी दबलेली होती, कोणी बसावं तशी. झटकून सारखी केली. पुन्हा दबली. हात लावला तर ऊबदार.

भीती वाटायच्या आधी मला वैताग आला. "कोण असशील ती अस, पण ऊठ की गं बाई आता! चालू दे लेकराला!"

गोधडी हळूच वर आली. व्यंकटीचा अंगठा हलला.

"मावशी! हललं... हलायलंय!" तो रडायला लागला. कडूबाई चुलीपासून धावत आली, त्याच्या गळ्यात पडली.

मी उठले नाही. बाजेचा माझ्याकडचा काठ करकरत आणखी खाली गेला होता, शेजारी कोणी टेकावं तसा. आणि त्या काठावर मी एकटीच बसले होते.