परीक्षकाचे दहा गुण

"साडेनवाची बस किती वाजता येते?"

चौकशीच्या खिडकीवर बसून मला चार वर्षं झाली होती, पण इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी मान वर केली. गळ्यात स्टॉपवॉच, काखेत फायली.

"पावणेदहाला," मी म्हटलं.

"आणि पावणेदहाची?"

"ती येतच नाही. फळ्यावर आहे, लोकांना तेवढंच बरं वाटतं."

त्याने ते वहीत टिपून घेतलं. "तुमच्या नावावर लिहू?"

"लिहा की. शिव्या तरी कुणाच्या नावावर पडतात?"

तेव्हा कुठे तो हसला...

तो एका मासिकाचा माणूस. राहण्यासाठी सर्वांत चांगली गावं कोणती, याची यादी ते दरवर्षी काढत. तीन आठवडे तो समोरच्या बाकावर बसून बसेस मोजत होता, आणि दोन बसेसच्या मध्ये काहीतरी निमित्त काढून खिडकीशी येत होता.

"दवाखाना किती मिनिटांवर?"

"चालत बारा. घाबरत गेलं तर आठ."

एकदा मीच विचारलं, "गुण देता तरी कसे?"

"शाळा, पाणी, हवा, दवाखाना, बस... नव्वद गुण आकड्यांचे. दहा परीक्षकाचे. त्याला गाव कसं वाटलं, एवढंच."

"मग? कसं वाटतंय?"

"अजून पूर्ण पाहिलं कुठे—" तो म्हणाला. आणि पाहत होता माझ्याकडे. मी उगाचच वेळापत्रकाची पानं उलटली.

मग मीच त्याला गाव दाखवलं. कालव्याकाठची वाट, वाचनालयातली उन्हाची खिडकी, चार वाजता पावाचा वास सुटतो ती बेकरीची गल्ली. शेवटी घरी नेलं, आत्याकडे.

आत्यानेच मला वाढवलं. सात वर्षांपूर्वी तिची नजर गेली, पण त्या घरात ते कुणाला कळायचंही नाही. दारापासून चुलीपर्यंत सहा पावलं, डावीकडे कपाट, वर साखर. कोपऱ्यावरून दूध आणायलाही ती एकटी जायची, भिंतीला हात लावत. त्याला तिने चहा दिला, बशीत थेंब सांडला नाही.

"आत्याबाई," त्याने फॉर्म काढला, "इथे राहून किती समाधानी आहात? एक ते दहा."

"दहा लिही," आत्या म्हणाली. "इथे मी आंधळी नाही."

त्याने दहा लिहिलं आणि फॉर्म मिटला.

जाताना खिडकीशी येऊन म्हणाला, "दहाच्या दहा देऊन चाललोय."

"गावाला?"

"कागदावर तरी... गावालाच." कानापर्यंत लाल झाला. "अंक निघाला की येतो. आत्याबाईंशी बोलायचंय. महत्त्वाचं."

पुढचे तीन महिने मी जमिनीवर नव्हतेच.

अंक आला. आमचं गाव पहिलं! दुसऱ्या नंबरच्या गावाला चार गुणांनी मागे टाकलं होतं. नगराध्यक्षांनी चौकात मुखपृष्ठाचा फलक लावला. पंधरा दिवसांत अनोळखी गाड्या गल्लीत फिरू लागल्या. काचा खाली करून लोक घरं बघत होते. मग घरमालक काका आले. भला माणूस, आत येऊन बसलेसुद्धा नाहीत.

"पोरी, लाज वाटते सांगायला. मुलगा ऐकत नाही. घर विकायचं म्हणतो."

गावात परवडेल अशी खोली उरली नव्हती. शेवटच्या थांब्यापलीकडे एक मिळाली, दुसऱ्या मजल्यावर. आत्या नव्याने पावलं शिकू लागली, पायऱ्या मोजू लागली. नवव्या दिवशी एक पायरी चुकली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता चालणं होणार नाही.

त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली. बोलणंही सोडलं.

आणि एका बुधवारी तो खिडकीत उभा! हसत, हातात अंक. "इथेच राहायला आलोय. बदली मागून घेतली!"

मी सांगितलं. सगळं.

तो बाकावर बसला. मी खिडकी बंद करून शेजारी जाऊन बसले.

"चार गुणांनी..." तो म्हणाला. "मी पाच दिले असते तर तुम्ही दुसरे असता. दुसऱ्या गावाकडे कुणी फिरकत नाही."

त्याने अंक बाकावर पालथा ठेवला.

"ते दहा मी गावाला दिलेच नव्हते. तुम्हाला दिले होते."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आणि मी ते हौसेने घेतले."

तो माझ्याबरोबर घरी आला. आत्याच्या पायांवर डोकं ठेवून कितीतरी वेळ बसला. ती हलली नाही. दारात त्याने माझा हात धरला.

"लग्न करू या. दोघं मिळून सांभाळू त्यांना."

ज्याची इतके महिने वाट पाहिली तेच वाक्य... आणि माझ्या कानात फक्त जिन्यावरचा तो आवाज.

"तुम्ही रोज समोर असाल," मी म्हटलं, "आणि रोज मला ती पायरी आठवेल. तुमचा दोष नाही. माझाही नसेल. पण नाही जमायचं."

"कधीच?"

मी हात सोडवून घेतला. तो जिना उतरला, हळूहळू, एकेक पायरी.

"गेला का गं?"

मी दचकले. सोळा दिवसांनी आत्या बोलली होती.

"हो."

"दोनदा घरी आला, पण मी विचारलंच नाही. दिसायला कसा आहे?"

मी खिडकीशी गेले. तो रस्ता ओलांडत होता.

"उंच आहे," मी म्हटलं. "चालताना थोडा वाकतो. केस विस्कटलेले... मानेवर तीळ आहे, डाव्या बाजूला. हसला ना, की आधी डोळे हसतात, मग ओठ. हात गरम असतात त्याचे, आत्या..."

वळणावर तो क्षणभर थांबला. मग वळला.

"अजून दिसतोय?" आत्याने विचारलं.

रस्ता रिकामा होता.

"हो," मी म्हटलं, आणि सांगत राहिले.