अक्कानं सांगितलेले अर्थ

माझ्या इंग्रजीचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलतो. ऑफिसातल्या लोकांना तो विनय वाटतो. वाटू दे. साहेब महत्त्वाच्या पत्रांचे मसुदे माझ्याकडूनच करून घेतात. पाच वर्षांपूर्वी याच ऑफिसात रजेचा चार ओळींचा इंग्रजी अर्ज लिहायला मला अख्खी दुपार लागायची, हे त्यांना ठाऊक नाही.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. खात्याच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात मी दोनदा आपटलो होतो. तिसरी खेप शेवटची. तीही गेली असती तर जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसावं लागलं असतं. परीक्षा जानेवारीत पुण्याला होती. सोलापुरात साखर पेठेतल्या दोन खोल्यांत मी आणि माझी थोरली बहीण नागव्वा राहायचो. मी चार वर्षांचा असताना आमचे आई-वडील दुधनीला पटकीत गेले. अक्का तेव्हा सोळाची, नुकतंच लग्न झालेली. ती सासर सोडून आली ती माझ्यासाठी, असं गावातले लोक सांगायचे. तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. पुढं आम्ही सोलापूरला आलो आणि ती घरी चरख्यावर शेजारच्या सुंदरम्माच्या मागासाठी कांड्या भरू लागली. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी. त्या चरख्याच्या घरघरीत माझी मॅट्रिक झाली.

अक्काला अक्षरओळख नव्हती, पण बोलणं असं की ऐकत राहावं. मराठी आणि कन्नड एकाच दमात. मला ती तम्मा म्हणायची, कन्नडमध्ये धाकटा भाऊ. पेठेत भांडण लागलं की लोक अक्काला बोलवायचे, सोडवायला नव्हे, ऐकायला. सुंदरम्माच्या घरात तेलुगू. ती म्हणायची, "मी मराठी शिकले ते नागव्वाच्या तोंडनंच." एखाद्याला अक्कानं दोन शब्दांत पकडलं की पुढं सगळी पेठ त्याला त्याच दोन शब्दांनी ओळखायची.

ऑफिसात आमचे हेडक्लार्क महिपतराव होते. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा त्यांनी मला चहाला नेलं.

"शब्दकोश पाठ करताय ना, शिवशरण? करू नका," ते म्हणाले. "त्यातलं मराठी तरी तुमच्या ओळखीचं आहे का? तुमच्या घरात त्या गोष्टीला जो शब्द आहे, त्याच्याशी इंग्रजी शब्दाची गाठ मारा. मग सुटायची नाही."

पटण्यासारखं होतं. 'रिलक्टंट'पुढं कोशात 'अनिच्छुक' असं छापलेलं होतं. आमच्या सात पिढ्यांत कुणी अनिच्छुक झालेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी अक्काला विचारलं, "अक्का, काम कर म्हटलं तर मानूस न्हाय म्हनत न्हाय, पन मागं मागं सरतोय. त्याला काय म्हनायचं?"

चरखा न थांबवता ती म्हणाली, "कां-कू करतोय म्हनायचं की."

तो शब्द जो डोक्यात बसला तो आजतागायत हललेला नाही. मग रोज पाच शब्द असं ठरलं. मी प्रसंग सांगायचा, तिनं शब्द द्यायचा. 'क्रस्ट' आला तेव्हा तिनं तव्यावरची भाकरी हातात घेऊन वरचा पापुद्रा सोडवून दाखवला. 'ग्रज'ला म्हणाली, "डूख. सापानं धरल्यावानी." 'एम्बर'ला इंगळ. 'ट्वायलाइट'पुढं कोशात संधिप्रकाश होता, अक्का म्हणाली, "दिवेलागण की रे. एवढंबी कळत न्हाय, आन् म्हनं सरकारी नोकर." महिनाभरात माझी वही निम्मी भरली. वाटलं, दोन वर्षं मी उगीच वाया घालवली. खरा कोश घरातच बसला होता.

नोव्हेंबरात एका सकाळी अक्का चुलीपुढून म्हणाली, "तम्मा, ते जरा सार की आत."

"काय सारू?"

"ते की." तिनं बोट दाखवलं. "चुलीतलं. लाल."

"इंगळ?"

"व्हय, तेच," ती म्हणाली. पण तो शब्द तिनं उच्चारला नाही. मला हसू आलं. चाळिशीत बायकांना विसरायला होतं, असं मी तिला चिडवलंसुद्धा.

चार दिवसांनी सुंदरम्मानं मला दारात गाठलं. "शिवशरण, नागव्वाला बरं न्हाय काय? काल जेवताना मला म्हनली, भाकरीचं वरचं कातडं काढून दे."

मी आत जाऊन इंगळाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते अक्काला विचारलं. केंड. तान्ह्या पोरालाही येणारा शब्द. तो मीच तिला सांगितला, तेव्हा तिनं तो ओठांवर घोळवला, परगावचं नाव पहिल्यांदा ऐकावं तसा. संध्याकाळपर्यंत तोही तिच्याजवळ नव्हता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तपासून पाहायचं ठरवलं. बारा डिसेंबर, गुरुवार. तारीख वहीत आहे. 'सिव्ह' म्हणजे चाळण, हे मी त्या दिवशी अक्काला न विचारता कोशातूनच घोकलं. 'हिकप' मात्र तिला विचारला.

"उचकी," ती म्हणाली. "कुनीतरी याद काढतंय म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी 'सिव्ह' मला आठवेना. अक्का पीठ चाळत होती. चाळण मोडायला आली, दुसरी आन, असं नीट म्हणाली. मग पाणी प्यायली आणि तिला उचकी लागली. ती दचकली. छातीवर हात ठेवून माझ्याकडं पाहू लागली. पुन्हा उचकी आली, पुन्हा दचकली.

"तम्मा, मला हे काय व्हायलंय?" ती म्हणाली.

मी तिला पाणी पाजलं. 'हिकप' मला स्पेलिंगसकट पाठ होता.

दोन दिवस मी वही काढली नाही. तिसऱ्या संध्याकाळी अक्काच म्हणाली, "आज इचारत न्हाईस?"

"नको. तुला त्रास होतोय."

"कसला तरास?" चरखा थांबला. "तोंडात येतंय आन् जातंय. कुटं जातंय ते काय मला दिसत न्हाय? तुज्याकडंच जातंय की. लांब न्हाय जात."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "अक्का, परीक्षा होऊ दे. मग सगळे परत देतो तुला."

"दे की. आदी पास हो. कांड्या भराया तोंड लागत न्हाय."

तेव्हा मी वही चुलीत घालायला हवी होती. तिचं बोलणं मला हवंय, नोकरी खड्ड्यात जाऊ दे, एवढं म्हणायला हवं होतं. मी वही उघडली. त्या संध्याकाळचा पहिला शब्द कोणता होता ते मला आठवतंय, पण तो मी इथं लिहिणार नाही.

मनाची समजूत घालायला मी एक नियम केला होता. अक्का, तम्मा, आई, घर, असले शब्द तिला विचारायचे नाहीत. मोठे मोठे, तिला रोज न लागणारे तेवढेच घ्यायचे. पण कोणता शब्द रोज लागतो आणि कोणता नाही, हे कळायला मी काही कांड्या भरत नव्हतो.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तिला घेऊन गेलो. दर वर्षी अक्का बांगडीवाल्याशी घासाघीस करायला लागली की भोवती बायका जमायच्या. त्या वर्षी तिनं बोटानं हिरव्या बांगड्या दाखवल्या आणि हात पुढं केला. बांगडीवाला ओळखीचा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

पुण्याला निघालो तेव्हा तिच्याजवळ अगदी थोडे शब्द उरले होते. खा, जा, बस, पाणी, असले. तिनं फडक्यात भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"जा, तम्मा," ती म्हणाली.

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पेपर हातात आला आणि मी थक्क झालो. सगळं येत होतं. प्रत्येक इंग्रजी शब्दामागं अक्काचा आवाज होता, तिचं हसणं होतं. शेवटी एक उतारा होता, त्यातल्या अधोरेखित शब्दांचे अर्थ संदर्भावरून ओळखायचे होते. पुरात सापडलेल्या दोन पोरांची गोष्ट. थोरल्या मुलीनं धाकट्याला पाठीवर घेतलेलं.

एक शब्द मी आयुष्यात पाहिला नव्हता. सिब्लिंग.

तो सोडून देता आला असता. निकाल लागल्यावर कळलं, तेवढा सोडला असता तरी मी आरामात पास झालो असतो. तेव्हा मात्र मला तो सोडवेना. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. अक्काला मी काही विचारलं नाही, हे शपथेवर सांगतो. मला फक्त दुधनीहून स्टेशनकडं जाणारी वाट आठवली. कडक ऊन, आणि माझे पाय तिच्या कमरेशी लोंबत असलेले.

ज्वारीच्या पिठाचा वास आला, आणि कानाशी अक्काचा आवाज.

"तम्मा."

पुढच्या बाकावरच्या माणसानं मान वळवून मागं पाहिलं. आवाज कुठून आला ते त्याला कळेना. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

मी अर्थ लिहिला: भावंड.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सोलापुरात पोचली. पेठेच्या तोंडाशीच सुंदरम्मा भेटली. बहुधा माझीच वाट पाहत होती.

"काल अकरा-साडेअकरा झाले असतील," ती म्हणाली. "चरखा एकदम बंद पडला म्हनून मी बगायला गेले. नागव्वा मधोमध उभी. दोनी हातांनी आपली पाठ चाचपायली. मी म्हनलं, काय पडलं काय पाठीवरनं? मग खाली वाकून सगळ्या घरात शोधली."

"काय शोधलं?"

"मला काय म्हाईत? खाटंखालीबी बगितली."

मी घरात शिरलो. अक्का चरख्यापाशी होती. मला पाहून उठली.

तिनं डोक्यावरून पदर घेतला. कोपऱ्यातली सतरंजी झटकून अंथरली. तांब्या-भांडं आणून पुढं ठेवलं आणि मान खाली घालून भिंतीशी सरकली.

"बसा," ती म्हणाली.

चोवीस वर्षांत अक्का मला अहो-जाहो कधी बोलली नव्हती.

मी पास झालो. इंग्रजीत खात्यात पहिला आलो, बढती मिळाली. डॉक्टरांनी अक्काची जीभ पाहिली, घसा पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. दोष काही नाही म्हणाले. कबूल केल्याप्रमाणे मी रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्यापुढं बसतो आणि एकेक शब्द परत देऊ पाहतो. इंगळ, म्हणतो. "इंगळ," ती म्हणते, पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून. सकाळी तो गेलेला असतो. एकदा मी धीर करून "तम्मा" म्हटलं. मी कुणाला हाक मारली ते पाहायला तिनं दाराकडं मान वळवली.

आता एकोणऐंशी साल चाललंय. त्या पेपरानंतर मी एकही नवा इंग्रजी शब्द शिकलेलो नाही. भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटते.

स्वयंपाक, धुणंभांडी, कांड्या, सगळं अक्का पूर्वीसारखं करते. मला वेळेवर वाढते, मी जेवत असताना दाराआड उभी राहते. सहाच्या सुमाराला मात्र हातातलं काम टाकून उंबऱ्यावर जाऊन बसते. कुणाची वाट पाहतेस, असं सुंदरम्मानं एकदा खुणेनं विचारलं, तर अक्कानं उभं राहून कमरेच्या थोडं खाली हात धरला आणि चार वर्षांच्या पोराएवढी उंची दाखवली.

ऑफिस सुटून मी पेठेत वळतो तेव्हा ती लांबूनच दिसते. मी जवळ येतो. ती पदर सावरते, पाय आखडून मला आत जायला वाट देते, आणि मी आलो त्या रस्त्याकडं बघत बसून राहते.